चौदा, सोळा की वीस?

मुलीचे लग्न कोणत्या वयात करावे, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात धर्मशास्त्राचा मानला जाई. १८७१ साली कलकत्त्याच्या केशवचंद्र सेन यांनी तो डॉक्टरांपुढे ठेवला. ब्राह्मो पद्धतीच्या विवाहांना कायद्याची मान्यता मिळावी, अशी त्यांची खटपट चालू होती, आणि कायदा म्हटला की वयाचा आकडा आलाच. म्हणून त्यांनी नामवंत डॉक्टरांना पत्रे लिहून विचारले, की या देशातील मुली साधारण कितव्या वर्षी वयात येतात आणि त्यांचे लग्न कमीत कमी कितव्या वर्षी व्हावे?

डॉ. चार्ल्स यांनी १४ सांगितले. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १६. मुंबईहून डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांनी थेट २० हा आकडा कळवला. हे आत्माराम पांडुरंग म्हणजे प्रार्थना समाजाचे एक संस्थापक.

आम्हांला या आकड्यांपेक्षा सरकारांचा युक्तिवाद अधिक मोलाचा वाटतो. (यांनीच पुढे १८७६ मध्ये कलकत्त्याची ती विज्ञानसंस्था काढली, जिथे रामन यांनी काम केले.) उष्ण हवेत मुली लवकर वाढतात, मग लग्नही लवकर झाले तर बिघडले कुठे, असा सूर त्या काळी सर्रास ऐकू येई. सरकार यांचे उत्तर साधे होते. बाळाला दात येऊ लागले म्हणून कोणी त्याला लगेच भाकरी चावायला देत नाही. तसेच पाळी सुरू होणे ही वाढीची सुरुवात आहे, पूर्तता नव्हे. वर्गात हा विषय काढताना शिक्षकांना संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. पण हा दाखला आजही तितकाच उपयोगी पडेल.

आम्ही रोज मोजमापात वावरणारी माणसे. त्यामुळे असे आकडे दिसले की पहिली शंका येते, ती ते कोणी आणि कसे मोजले ही. १४ ते २० एवढी तफावत पडते याचाच अर्थ असा, की लग्नाच्या वयाचा आकडा ज्याच्या त्याच्या अनुभवातून आणि तारतम्यातून आला होता. तज्ज्ञांचे मत आणि पुरावा या दोन गोष्टी निराळ्या असतात. आणि तज्ज्ञांत एकमत नसले की कायदा करणाऱ्याला त्यांतला सोयीचा आकडा उचलता येतो.

झालेही तसेच. १८७२ च्या तिसऱ्या अधिनियमात मुलीसाठी १४ आणि मुलासाठी १८ वर्षे ठरली. म्हणजे मुलीच्या बाबतीत आलेल्या आकड्यांपैकी सर्वांत लहान आकडा घेतला गेला. त्यातही हा कायदा लागू कोणाला? आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी वगैरे कोणत्याच धर्माचे नाही, असे लिहून देणाऱ्यांना. अशी माणसे किती असणार! पुढे १८७८ मध्ये खुद्द सेन यांनी आपली मुलगी सुनीतिदेवी कुचबिहारच्या राजाला दिली, तेव्हा तिला चौदावे वर्ष पूर्ण झालेले नव्हते. या लग्नावरून ब्राह्मो समाजात फूट पडली.

मुंबईत या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्यांत आत्माराम पांडुरंगांबरोबर डॉ. सखाराम अर्जुन हेही होते. रखमाबाई ही त्यांची सावत्र मुलगी. अजाण वयात लावून दिलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तिने नकार दिला आणि १८८४ ते १८८८ अशी कोर्टाची लढाई दिली. पुढे लंडनला शिकून ती स्वतः डॉक्टर झाली.

१८८९ मध्ये कलकत्त्यात फुलमणी दासी ही जेमतेम दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी नवऱ्याच्या बळजबरीमुळे मरण पावली. दंडसंहितेतील संमतिवयाची मर्यादा तेव्हा १० वर्षे होती आणि तिने ती ओलांडलेली होती. त्यामुळे बलात्काराचे कलम लागू झाले नाही आणि नवरा एका वर्षाच्या सक्तमजुरीवर सुटला. यानंतर लखनौच्या डॉ. मॅन्सेल यांच्या पुढाकाराने ५५ स्त्री डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. या अर्जाची तऱ्हा १८७१ च्या पत्रांहून निराळी होती. कोणते वय योग्य वाटते, एवढेच सांगून त्या थांबल्या नाहीत. बालविवाहित मुलींना झालेल्या इजांची, स्वतः पाहिलेली १३ प्रकरणे त्यांनी सोबत जोडली. धर्मात ढवळाढवळ नको, असे म्हणणाऱ्यांनाही या नोंदी खोडून काढता येण्यासारख्या नव्हत्या. मग विरोध कायद्याच्या अधिकारावर एकवटला. परक्या सरकारने आमच्या घरात का शिरावे, हा टिळकांचा आक्षेप होता.

स्त्री डॉक्टरांची मागणी १४ वर्षांची होती. मार्च १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा मंजूर झाला, त्यात १२ वर्षे आली. सर्व धर्मांच्या मुलींसाठी लग्नाचे वय १४ व्हायला १९२९ चा सारडा कायदा यावा लागला. १९७८ मध्ये ते १८ झाले. आत्माराम पांडुरंगांनी कळवलेला आकडा त्याच्याही दोन वर्षे पुढचा आहे.