मेंदूत लावलेली कातडी

1947 साली पीटर मेडावार बर्मिंगहॅम विद्यापीठात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. भाजलेल्या माणसावर दुसऱ्याची कातडी का टिकत नाही, हा युद्धकाळातला प्रश्न त्यांच्यासोबतच तिथे आला. पुढच्याच वर्षी त्यांचा सशांवरचा निबंध छापून आला. एका सशाच्या त्वचेचे बारीक तुकडे त्यांनी दुसऱ्याच्या मेंदूत बसवले होते. अंगावर लावलेली परकी त्वचा काही दिवसांत मरते, मेंदूतली जगली. मेंदू प्रतिकारशक्तीच्या कक्षेबाहेर आहे, ही समजूत याच प्रयोगाच्या आधाराने पुढे पाठ्यपुस्तकांत रुजली.

पण ही निम्मीच गोष्ट. ज्या सशांच्या अंगावर त्याच दात्याची त्वचा आधी लावलेली होती, त्यांच्या मेंदूतले तुकडेही नष्ट झाले. मेंदूतली वर्दी बाहेर जात नव्हती; बाहेर तयार झालेला हल्ला मात्र आत पोचत होता. ही वर्दी बाहेर नेणाऱ्या लसिकावाहिन्या मेंदूत नाहीत, असं कारण मेडावारांनी दिलं. मेंदूच्या आवरणांत त्या असल्याचं 2015 मध्ये दिसलं आणि त्या कारणात दुरुस्ती झाली. निरीक्षण मात्र पक्कं होतं.

मल्टिपल स्क्लेरॉसिस या आजारात हेच घडतं. बाहेर चेतवलेल्या टी-पेशी या प्रतिकारपेशी मेंदूत शिरतात आणि मज्जातंतूंवरचं मायलिनचं वेष्टन उद्ध्वस्त होतं. ते वेष्टन घालणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट या आधारपेशी मरतात. शेजारच्या आधारपेशीही बिघडतात. मेंदूतल्याच मायक्रोग्लिया या प्रतिकारपेशी चेतल्या की तीन द्रव्यं सोडतात. त्यांमुळे एरवी मज्जापेशींना सांभाळणाऱ्या ॲस्ट्रोसाइट त्यांनाच मारू लागतात, हे स्टॅनफर्डमध्ये लिडेलो आणि बॅरेस यांनी 2017 मध्ये दाखवलं. रुग्णांच्या मेंदूतल्या जखमांतही तशा पेशी सापडल्या.

त्याच वर्षी बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातून आलेला निष्कर्ष मला अधिक मोलाचा वाटतो. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या नियामक टी-पेशी काढून टाकलेल्या उंदरांत मायलिनची दुरुस्ती मंदावली. या पेशी ऑलिगोडेंड्रोसाइट परिपक्व व्हायला मदत करतात. म्हणजे मोडणाऱ्यांच्याच कुळात घडवणारेही आहेत. आत आलेल्या प्रत्येक प्रतिकारपेशीला शत्रू मानणं चूक आहे.

आजची औषधं मुख्यतः हल्लाच थोपवतात. 2004 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं नॅटालिझुमॅब तर पेशींचा रक्तातून मेंदूत जाण्याचा रस्ताच अडवतं. त्याने नवे झटके कमी होतात. गेलेलं मायलिन परत आणणारं मान्यताप्राप्त औषध मात्र अजून एकही नाही.