मानाच्या खुर्चीवरचा वाचक

२ जुलै १९३९. न्यूयॉर्कच्या कॅराव्हॅन हॉलमध्ये सुमारे दोनशे माणसं जमली होती. बहुतेक विशीच्या आगेमागेची मुलं, खिशात बेताचे पैसे, हातात विज्ञानकथांची स्वस्त मासिकं. शहरात त्या वर्षी जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्याचाच आधार घेऊन त्यांनी आपल्या मेळाव्याला ‘जागतिक विज्ञानकथा संमेलन’ म्हटलं होतं. आज ज्याला वर्ल्डकॉन म्हणतात त्याचा हा पहिला दिवस. व्यासपीठावर मानाचे पाहुणे म्हणून जे गृहस्थ बसले होते, ते लेखक नव्हते, संपादक नव्हते, प्राध्यापक तर नव्हतेच. ते होते फ्रँक आर. पॉल, मासिकांची मुखपृष्ठं रंगवणारे चित्रकार.

मला या निवडीचं फार मोल वाटतं. पॉल मूळचे ऑस्ट्रियाचे, शिक्षण वास्तुरचनेचं. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे निव्वळ विज्ञानकथांना वाहिलेलं मासिक काढलं, तेव्हा पहिल्या अंकाचं मुखपृष्ठ पॉल यांनीच केलं: आकाशात कडं ल्यालेला शनी आणि खाली बर्फावर स्केटिंग करणारी माणसं. पॉल यांची माणसं जरा ताठच असत, पण त्यांची यंत्रं आणि त्यांची शहरं पाहावीत! गल्लीतल्या दुकानात टांगलेल्या त्या अंकांनी कित्येक पोरांना पहिल्यांदा थबकवलं. म्हणून सन्मान करायची वेळ आली तेव्हा त्या पोरांना सगळ्यांत आधी चित्रकार आठवला.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर वाचनालयाच्या कार्यकारिणीवर आले आणि व्याख्यानमालेचे पाहुणे ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं. पाहुणा बोलावणं म्हणजे काय असतं हे त्यातून कळलं. तारीख मागायची, गाडीची सोय करायची, उतरायला कुणाचं घर ते ठरवायचं, त्यांना तिखट चालतं का ते विचारायचं, शाल-श्रीफळ आणि मानधनाचं पाकीट तयार ठेवायचं. आणि हे सगळं वर्गणीतून. सरकार किंवा विद्यापीठ पाहुणा बोलावतं ती गोष्ट वेगळी. वाचक आपल्या खिशातून बोलावतात तेव्हा त्यांना कुणाचं ऋण मानायचं आहे, ते त्यात स्पष्ट दिसतं. वर्ल्डकॉनच्या पाहुण्यांची यादी मी त्याच नजरेनं वाचते.

ही मंडळी एकमेकांना भेटली कशी? गर्न्सबॅक आपल्या मासिकात वाचकांची पत्रं छापत आणि पत्राखाली लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ताही देत. मग वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहू लागले. पत्रांतून मंडळं झाली, मंडळांतून सायक्लोस्टाइलवर काढलेली घरगुती नियतकालिकं निघाली. त्यांना पुढे फॅनझीन म्हणू लागले. आणि मंडळं झाली तशी भांडणंही झाली.

पहिल्याच दिवशी त्या हॉलच्या दारात सहा जणांना अडवलं गेलं. डोनाल्ड वोलहाइम, फ्रेडरिक पोल, सिरिल कॉर्नब्लथ, रॉबर्ट लाउंडस, जॉन मिशेल आणि जॅक गिलेस्पी हे सहाही जण ‘फ्यूचरियन्स’ या डाव्या विचारांच्या मंडळातले. ते सभेत राजकारण आणतील, पत्रकं वाटतील अशी भीती सॅम मॉस्कोविट्झ आणि त्यांच्या सहकारी आयोजकांना वाटली. कॉर्नब्लथला त्या दिवशी सोळा वर्षं पूर्ण झाली होती. वाढदिवसाच्या दिवशी मुलगा विज्ञानकथेच्या पहिल्या जागतिक संमेलनाला येतो आणि त्याला बाहेर ठेवतात, हे वाचून मला आजही वाईट वाटतं. त्यांचाच एक मित्र आत जाऊन बसला, तो आयझॅक अ‍ॅसिमॉव.

पुढचा इतिहास पाहा. अ‍ॅसिमॉव १९५५ मध्ये क्लीव्हलंडच्या संमेलनात मानाचे पाहुणे झाले. त्याच संमेलनात आणखी एका पाहुण्याचं नाव शेवटपर्यंत गुप्त ठेवलं होतं. ते निघाले मॉस्कोविट्झ, म्हणजे दार अडवणाऱ्यांपैकी एक. १९७२ मध्ये लॉस एंजेलिसला पोल पाहुणे झाले. १९८८ मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या संमेलनानं हा मान वोलहाइम यांना दिला. तोवर त्यांनी संपादक म्हणून विज्ञानकथा स्वस्त पुस्तकांच्या रूपानं घराघरांत नेली होती आणि १९७१ मध्ये ‘डॉ’ (DAW) बुक्स ही स्वतःची प्रकाशनसंस्था काढली होती. दारापासून त्या खुर्चीपर्यंत यायला त्यांना एकोणपन्नास वर्षं लागली. कॉर्नब्लथच्या वाट्याला तो दिवस आलाच नाही. १९५८ मध्ये, चौतिसाव्या वर्षी तो गेला.

त्या १९३९ च्या गर्दीत लॉस एंजेलिसहून बसनं आलेला एक अठरा वर्षांचा मुलगाही होता. भाड्याचे पैसे त्याला त्याच्या मित्रानं, फॉरेस्ट अ‍ॅकरमननं उसने दिले होते. मुलाच्या काखोटीला हॅनिस बोक नावाच्या, तेव्हा कुणाला ठाऊक नसलेल्या मित्राची चित्रं होती, ती त्याला न्यूयॉर्कच्या संपादकांना दाखवायची होती. ‘वियर्ड टेल्स’ मासिकाच्या संपादकांना ती आवडली आणि बोकचा मार्ग खुला झाला. मुलाचं नाव रे ब्रॅडबरी. तो १९८६ मध्ये अटलांटाला मानाचा पाहुणा झाला. उसने पैसे देणारा अ‍ॅकरमन त्याच्या आधीच, १९६४ मध्ये. अ‍ॅकरमन १९३९ ला भविष्यकाळातला पोशाख घालून आला होता आणि तो पोशाख शिवणारी मर्टल डग्लस स्वतःही तशाच वेषात त्याच्याबरोबर होती. संमेलनांत वेषभूषा करून येण्याची प्रथा लोक या दोघांपासून धरतात. मर्टलबाईंना मात्र वर्ल्डकॉननं मानाच्या खुर्चीवर कधी बसवलं नाही.

दुसरं संमेलन शिकागोला झालं, पाहुणे ई. ई. स्मिथ. तिसरं १९४१ मध्ये डेन्व्हरला, पाहुणे रॉबर्ट हाइनलाइन. हाइनलाइन यांची पहिली कथा छापून जेमतेम दोन वर्षं झाली होती! म्हणजे हा मान उतारवयातच द्यायचा असं तेव्हा कुणाच्या मनात नव्हतं. भविष्याचा विचार करायची सवय हीच विज्ञानकथेची देणगी आहे, बदल अंगावर येतो तेव्हा हा वाचक इतरांपेक्षा सावध असतो, असं त्यांनी तिथं मांडलं. ते भाषण ध्वनिमुद्रित केलेलं होतं म्हणून आपल्यापर्यंत पोचलं. पाच महिन्यांनी पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले आणि १९४६ पर्यंत संमेलनं बंद राहिली.

हाइनलाइन तीनदा पाहुणे झाले: १९४१, १९६१ आणि १९७६. तिसऱ्या वेळची गोष्ट मी आमच्या रक्तदान शिबिरांत मुद्दाम सांगते. १९७० मध्ये ते मरणाच्या दारात होते, रक्तगट दुर्मीळ, आणि अनोळखी दात्यांच्या रक्तावर ते वाचले. १९७६ चं संमेलन कॅन्सस सिटीला होतं, त्यांच्या बालपणीच्या गावात. स्वाक्षरी हवी असेल तर आधी रक्त द्या, असं त्यांनी चाहत्यांना सांगितलं. त्यांच्या नावानं विज्ञानकथा संमेलनांत रक्तदान करण्याची रीत पुढेही चालू राहिली. पाहुण्यानं यजमानांना काय द्यावं याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती सांगते. १९४८ मध्ये संमेलन पहिल्यांदा अमेरिकेबाहेर, टोरोंटोला भरलं. तिथं लेखक म्हणून रॉबर्ट ब्लॉक यांना मान दिला (त्यांची ‘सायको’ कादंबरी अजून अकरा वर्षं दूर होती) आणि त्यांच्याबरोबर चाहता म्हणून बॉब टकर यांना. टकर इलिनॉयमधल्या ब्लूमिंग्टनचे, सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवणारे. ते स्वतःही कथा-कादंबऱ्या लिहीत, पण हा सन्मान त्यासाठी नव्हता. वर्षानुवर्षं फॅनझीन काढणारा, पत्रं लिहिणारा, नव्या मुलांना सामावून घेणारा वाचक म्हणून तो होता. चाहत्याला लेखकाच्या बरोबरीनं बसवण्याची ही चाल हळूहळू पक्की झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक वर्ल्डकॉनच्या यादीत असा एक तरी पाहुणा असतो.

या परंपरेतलं माझं सगळ्यांत आवडतं नाव वॉल्ट विलिस. बेलफास्टमध्ये सरकारी नोकरी करणारा हा माणूस घरी हातछपाईच्या यंत्रावर एकेक खिळा जुळवून ‘स्लँट’ नावाचं फॅनझीन छापायचा. चित्रांचे ठसे जेम्स व्हाइट हा त्याचा मित्र कोरायचा. हे अंक अमेरिकेत पोचले आणि तिथल्या वाचकांना त्याच्या लिहिण्याचं वेड लागलं. अमेरिकेचा प्रवास त्याला परवडणारा नव्हता. तेव्हा फ्लोरिडातल्या शेल्बी व्हिक या चाहत्यानं वर्गणी सुरू केली. पैसे थोडेथोडे करून जमले आणि १९५२ मध्ये विलिस शिकागोच्या संमेलनाला जाऊन आला. तो तिथं मानाचा पाहुणा नव्हता (त्या वर्षी ते गर्न्सबॅक होते), पण वाचकांनी वाचकासाठी तिकीट काढलं होतं. पुढच्याच वर्षी त्याची कायमची व्यवस्था झाली. अटलांटिकच्या एका काठावरचा चाहता दुसऱ्या काठावर पाठवायचा, पैसे चाहत्यांनीच द्यायचे आणि कुणाला पाठवायचं ते त्यांनीच मतदानानं ठरवायचं. हा निधी आजही आहे. १९९२ मध्ये फ्लोरिडातल्या ऑर्लंडो इथं वर्ल्डकॉन भरलं तेव्हा चाहत्यांचा मानाचा पाहुणा होता वॉल्ट विलिस, चाळीस वर्षांनंतर. त्याच्या बरोबरीला लेखक जॅक व्हान्स. आणि १९९६ ला लॉस एंजेलिसजवळच्या अ‍ॅनाहाइमला पाहुणा झाला तो ठसे कोरणारा जेम्स व्हाइट. तोवर त्याची अंतराळातल्या रुग्णालयाची कथामालिका जगभर वाचली गेली होती.

त्याच १९९६ च्या यादीत ताकुमी आणि साचिको शिबानो हे जपानी दांपत्य आहे. ताकुमी शिबानोंनी १९५७ मध्ये ‘उचूजिन’ हे फॅनझीन सुरू केलं आणि जपानी विज्ञानकथेची पहिली पिढी त्याच्या पानांवर घडली. १९६८ मध्ये त्यांनाही अमेरिकी चाहत्यांनी निधी जमवून कॅलिफोर्नियाला बोलावलं होतं. २००७ ला वर्ल्डकॉन योकोहामाला गेलं तेव्हा ते पुन्हा मानाचे पाहुणे झाले.

बायकांच्या बाबतीत ही यादी बराच काळ कंजूष होती. १९४६ ला ई. मेन हल आणि १९६४ ला ली ब्रॅकेट आल्या, दोघीही नवऱ्याबरोबर जोडीनं. एकटीच्या नावावर आलेली पहिली लेखिका म्हणजे अर्सुला ल ग्विन, १९७५, मेलबर्न. त्यांनी तिथं नुसतं भाषण केलं नाही, नव्या ऑस्ट्रेलियन लेखकांची कार्यशाळाही घेतली. त्याच संमेलनात त्यांच्या ‘द डिस्पझेस्ड’ला वर्ल्डकॉनचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. यादीतल्या जुन्या नावांची पुढे फेरतपासणीही झाली: ज्या जॉन कॅम्पबेल या संपादकाला तीनदा पाहुणा केलं होतं, त्याच्या फॅसिस्ट विचारसरणीवर २०१९ मध्ये डब्लिनच्या व्यासपीठावरून जेनेट इंग यांनी थेट बोट ठेवलं. त्यांना त्याच दिवशी मिळालेला पुरस्कार कॅम्पबेलच्याच नावाचा होता. काही दिवसांतच पुरस्काराचं नाव बदललं. मला ते योग्य वाटतं.

पाहुणा निवडण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. संमेलन कोणत्या शहरात भरवायचं ते सदस्य मतदानानं ठरवतात, पुरस्कारही मतदानानं ठरतात. पाहुणा मात्र त्या शहराची स्वयंसेवक समिती निवडते. त्यांची संमती आधीच घेतलेली असते, पण शहराचा निकाल लागेपर्यंत नाव जाहीर करत नाहीत, कारण पाहुण्याच्या नावावर मतं मागायची नाहीत असा संकेत आहे. आपल्याकडे साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी निवडणुकीत काय काय झालं ते ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या संकेतातला शहाणपणा सांगायला नको. २०१९ च्या यवतमाळ संमेलनापासून आपणही निवडणूक सोडली, ते बरं झालं.

आणि आपल्या व्यासपीठानंही विज्ञानकथेला हात दिला आहे. जयंत नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून ती पत्नी मंगलाताईंच्या हातून लिहवून घेतली होती. तिला पहिलं बक्षीस मिळालं. १९७५ च्या कऱ्हाड संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षीय भाषणात या नव्या विज्ञानकथेची दखल घेतली. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्ष नारळीकर स्वतः होते, प्रकृतीमुळे ते येऊ शकले नाहीत तरी.

वाचकाला असा मान दिल्याचं आपल्याकडे माझ्या पाहण्यात नाही, ते मला आमच्या गावापुरतं करायचं आहे. आमच्या वाचनालयाचे एक जुने सभासद आहेत, पोस्टातून निवृत्त झालेले. विज्ञान परिषदेच्या पत्रिका आणि दिवाळी अंकांतल्या विज्ञानकथा त्यांनी वर्षानुवर्षं बांधून ठेवल्या आहेत, लेखकवार सूचीसह. शाळेतली मुलं प्रकल्पासाठी त्यांच्याच घरी जातात. येत्या व्याख्यानमालेच्या एका संध्याकाळी वक्त्याच्या शेजारी मानाचा पाहुणा म्हणून त्यांना बसवावं, शाल दोघांनाही द्यावी आणि दहा मिनिटं त्यांनी काय वाचलं ते सांगावं, असा ठराव मी कार्यकारिणीपुढे ठेवला आहे. पुढच्या बैठकीत तो चर्चेला येईल.