अंध वाचकांसाठी वेबसाईटचा मेनू कसा असावा?

अंध व्यक्ती कॉम्प्युटर कानाने वापरते. एनव्हीडीए किंवा मोबाईलमधील टॉकबॅक ही मोफत स्क्रीन रीडर पडद्यावरचा मजकूर मराठीतही वाचून दाखवतात. अडचण येते ती मेनूची. दर पानावर त्याच पंचवीस-तीस लिंक पुन्हा ऐकाव्या लागतात. म्हणून पानाच्या सुरुवातीलाच थेट मुख्य मजकुराकडे नेणारी लिंक हवी. भंडारा जिल्हा प्रशासनाच्या वेबसाईटवर तशी सोय आहे.

आपल्या शाळा, मशीद ट्रस्ट, संस्थांच्या वेबसाईटसाठी आणखी काही गोष्टी:

• मेनू टॅब आणि एंटर बटनाने उघडावा.
• मथळे नुसते ठळक नकोत, 'हेडिंग' म्हणून द्यावेत. एनव्हीडीएमध्ये 'एच' दाबून मथळ्यावरून मथळ्यावर जाता येते.
• 'येथे क्लिक करा'ऐवजी 'शिष्यवृत्तीचा अर्ज' असे लिहावे.
• सूचनेचा फक्त फोटो टाकू नये, मजकूर टाईप करावा.

दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 42 मध्ये माहिती सर्वांना सुलभ करण्याची तरतूद आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सुप्रीम कोर्टाने डिजिटल सुविधा मिळणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

तपासणी सोपी आहे: माऊस बाजूला ठेवा, फक्त कीबोर्डवर अर्जापर्यंत पोहोचून बघा. घरातली अंध मुलगी फॉर्म स्वतः भरेल की भाऊ येईपर्यंत थांबेल, हे तिथेच कळते.