काळा पडदा आणि पुठ्ठ्याची माळ



आपली दहावीची बॅच १९९३ ची. चपला बाहेर काढून आपण संगणकाच्या खोलीत शिरायचो. समोर काळा पडदा आणि त्यावर लुकलुकणारी एक रेघ. डॉसला ‘डीआयआर’, ‘सीडी’, ‘कॉपी’ असे शब्द बिनचूक टाइप करून द्यावे लागत. एक अक्षर चुकले की उत्तर यायचे, ‘बॅड कमांड ऑर फाइल नेम’. मला पाठांतर जमायचे, म्हणून मी हुशार ठरलो. चुकणाऱ्यांची नावे फळ्यावर मीच लिहायचो.

त्यात एक नाव कायम असे. त्या मित्राच्या घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि संगणकावर इंग्रजी. पूर्व भागातल्या त्याच्या घरी जेकार्ड चादरीचे माग होते. एकदा मी तिथे गेलो, तेव्हा भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ दाखवत तो म्हणाला, “या भोकाने हा उभा धागा वर उचलला जाणार. इथे मोराचा तुरा येतो बघ.” मला नुसती भोके दिसत होती, त्याला मोर दिसत होता.

ही युक्ती फ्रान्सच्या जकारची, १८०४ च्या सुमाराची. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन होलेरिथने भोकांची कार्डे मोजणीला लावली. पुढे कित्येक वर्षे संगणकालाही माहिती अशाच कार्डांवरून दिली जाई. संगणकाचा पणजोबा ज्याच्या घरात खडखडत होता, त्यालाच आम्ही मठ्ठ म्हणत होतो.

डग्लस एंगलबार्टने माउस १९६८ मध्येच जाहीरपणे दाखवला होता. चित्रे आणि खिडक्यांचा झेरॉक्स स्टार १९८१ ला आला, मॅकिंटॉश १९८४ ला. आपल्याकडे घरोघरी ही पद्धत पोचली ती विंडोज ९५ नंतर. काळ्या पडद्यावर शब्द आठवावा लागतो, चित्रांच्या पडद्यावर तो नुसता ओळखावा लागतो. आठवण्यापेक्षा ओळखणे सोपे. आज मेळाव्यात चेहरे चटकन ओळखू येतील, नावे आठवताना मात्र डोके खाजवावे लागेल, तसेच हे.

पण माउसही सगळ्यांना सोपा नव्हता. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाले आणि पन्नाशीतली माणसे क्लासला बसली. फळ्यावर मोत्यासारखे अक्षर काढणाऱ्या हातांना डबल क्लिक जमेना. टायपिंग पक्के असलेल्यांना मेनू उघडत बसणे संथ वाटे. आज्ञा स्मरणशक्ती मागते, मेनू वाचन मागतो, माउस डोळा आणि हात यांचा मेळ मागतो. यंत्र बदलले की हुशार कोण, हेही बदलते.

तो मित्र आज संगणकावरच चादरींची डिझाइन करतो. मी मात्र नवा फोन घेतला की मुलीला हाक मारतो.

तीस वर्षांपूर्वी ती परीक्षा आपल्या बुद्धीची आहे असे मी समजत होतो. खरे तर एकाच तऱ्हेच्या बुद्धीला जागा देणाऱ्या पडद्याची ती मर्यादा होती. फळ्यावरचे ते नाव मी त्या वेळी पुसले नाही. आज या पानावर पुसतो आहे. मित्रा, माफ कर.