बाष्पनशील तेलांचा घरगुती वापर व सुरक्षितता

वनस्पतींची फुले, पाने, साल, बी, मुळे, लाकूड इत्यादींपासून मुख्यतः पाण्याच्या वाफेने ऊर्ध्वपातन करून मिळणाऱ्या सुगंधी तेलांना बाष्पनशील तेले म्हणतात. निलगिरी, लवंग, गवती चहा, चंदन, गुलाब यांची तेले नित्य परिचयाची आहेत. खोबरेल, तीळ किंवा करडई यांच्या स्थिर तेलांप्रमाणे ती स्निग्ध नसतात, तर टर्पिने, अल्कोहॉले, फिनॉले, एस्टरे इ. संयुगांची मिश्रणे असतात. उघडी ठेवल्यास ती उडून जातात व पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. त्यांच्या घरगुती वापराच्या इतिहासात एक गोष्ट ठळकपणे दिसते : वनस्पती जुनी व परिचित असली, तरी तिचे संहत तेल बाटलीतून घरात आल्यावर अपघात सुरू झाले आणि सावधगिरीचे नियम त्यानंतर तयार झाले.

इतिहास : भारतात गंधयुक्ती ही एक मान्यताप्राप्त कला होती. वराहमिहिरांच्या बृहत्संहितेत (सहावे शतक) तिच्यावर स्वतंत्र अध्याय आहे, तर चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास या बाराव्या शतकातील ग्रंथात सुगंधी लेप, तेले व धूप यांचे वर्णन आढळते. गंगाधराचा गंधसार व मराठी टीका असलेला गंधवाद या ग्रंथांकडे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे अभिरक्षक प. कृ. गोडे यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. या परंपरेत सुगंधी द्रव्य बहुधा उटणे, चूर्ण, धूप वा तिळाच्या तेलात मुरवलेल्या स्वरूपात वापरले जाई. कनौज येथील अत्तरातही फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवतात. द्रव्य सौम्य करून वापरणे हे या कृतींतच अंतर्भूत होते.

यूरोपात स्ट्रासबर्ग येथील हीरॉनिमस ब्रुन्श्विग यांचा ऊर्ध्वपातनावरील ग्रंथ १५०० मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अशी तेले औषधविक्रेत्यांकडे मिळू लागली. मात्र ती महाग होती; गुलाबाचे १ किग्रॅ. तेल मिळविण्यास हजारो किग्रॅ. फुले लागतात. एकोणिसाव्या शतकात मोठ्या प्रमाणावरील ऊर्ध्वपातनामुळे अनेक तेले स्वस्त झाली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया येथे जोझेफ बॉसिस्टो यांनी १८५२ मध्ये यूकॅलिप्टसच्या पानांपासून व्यापारी प्रमाणावर तेल काढण्यास आरंभ केला. निलगिरी पर्वतावर हे वृक्ष १८४३ मध्ये लावण्यात आले व त्यावरूनच वृक्षाला आणि तेलाला मराठीत निलगिरी हे नाव पडले.

स्वस्ताईबरोबर भेसळही आली. खानदेशातील रोशा गवताचे तेल मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे तुर्कस्तानात जाई व तेथे गुलाबाच्या तेलात मिसळले जाई. त्यामुळे व्यापारात त्यास ‘तुर्की जिरॅनियम तेल’ असे चुकीचे नाव मिळाले होते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ रने-मॉरिस गातफॉसे यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथामुळे ‘अरोमाथेरपी’ (सुगंधोपचार) ही संज्ञा रूढ झाली. १९१० मधील प्रयोगशाळेतील स्फोटात भाजलेला हात त्यांनी योगायोगाने लव्हेंडर तेलात बुडविला व तो तत्काळ बरा झाला, अशी कथा प्रचलित आहे. त्यांच्या स्वतःच्या कथनानुसार त्यांनी चिघळू लागलेल्या जखमांवर हे तेल जाणीवपूर्वक वापरले होते. अशा कथांमुळे ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ ही समजूत दृढ झाली.

धोक्यांचे ज्ञान : ऑ-द-कोलोन लावून उन्हात गेल्यावर कातडीवर उमटणाऱ्या डागांचे वर्णन १९१६ मध्ये फ्रॉइंड यांनी केले. बर्गमॉट तेलातील बर्गाप्टेन हे संयुग त्यास कारण असल्याचे पुढे स्पष्ट झाले. विंटरग्रीन तेल जवळजवळ संपूर्णपणे मिथिल सॅलिसिलेट असते; त्याचे ५ मिलि. म्हणजे सु. ७ ग्रॅ. ॲस्पिरिनाइतके सॅलिसिलेट होय. अमेरिकेत १९७० च्या विषबाधा-प्रतिबंधक वेष्टन कायद्यानुसार मिथिल सॅलिसिलेटाचे प्रमाण ५ टक्क्यांहून अधिक असलेल्या द्रवांना मुलांना सहज न उघडणारी झाकणे आवश्यक ठरली. कापराचे २० टक्के प्रमाण असलेले ‘कॅम्फोरेटेड ऑइल’ एरंडेल समजून पाजल्याने विषबाधा होत असल्यामुळे १९८२ मध्ये तेथे त्याच्या खुल्या विक्रीस बंदी करण्यात आली. सुगंधद्रव्य उद्योगाची आंतरराष्ट्रीय संघटना १९७३ मध्ये स्थापन झाली व तिने अनेक घटकांच्या वापराची मर्यादा ठरवून दिली.

भारतीय घरांत कापूर व निलगिरी तेल यांबाबत विशेष जपावे लागते. देवघरातील कापराची वडी लहान मुलास खडीसाखरेसारखी भासते, परंतु सु. १ ग्रॅ. कापूरही बालकास प्राणघातक ठरल्याची नोंद आहे. झटके हे त्याच्या विषबाधेचे प्रमुख लक्षण असते. निलगिरी तेल चमचाभर पोटात गेल्यासही गुंगी व झटके येऊ शकतात.

वापरातील दक्षता : ही तेले वैद्यकीय सल्ल्यावाचून पोटात घेऊ नयेत. कातडीवर लावताना ती खोबरेल वा तिळाच्या तेलात सु. १ ते २ टक्के प्रमाणात, म्हणजे १०० मिलि. तेलात १ ते २ मिलि., मिसळतात व प्रथम हाताच्या आतील बाजूस थोडे लावून पाहतात. पाण्यात ती मिसळत नसल्याने स्नानाच्या पाण्यात नुसते थेंब टाकल्यास ते वर तरंगून कातडीस दाह करू शकतात. तान्ह्या मुलाच्या नाकाशी वा छातीवर कापूर, मेंथॉल अथवा निलगिरी तेल लावू नये. त्यामुळे श्वास अडण्याचा संभव असतो. गरोदर स्त्रिया, दम्याचे व अपस्माराचे रुग्ण यांनी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मांजराच्या यकृतात फिनॉलांचे निर्विषीकरण नीट होत नसल्याने मांजरावर ही तेले वापरू नयेत.

हवा व प्रकाश यांमुळे लिंबूवर्गीय, लव्हेंडर इ. तेलांचे ऑक्सिडीभवन होऊन अधिहृषता (ॲलर्जी) निर्माण करणारी संयुगे तयार होतात; म्हणून ती गडद काचेच्या, घट्ट बुचाच्या बाटलीत, थंड जागी व ज्योतीपासून दूर ठेवतात. बाटलीवर नावाची चिठ्ठी असावी व ती औषधाच्या बाटल्यांत मिसळू नये. तेल गिळले गेल्यास उलटी करवू नये. ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसशोथ होऊ शकतो. अशा वेळी बाटलीसह रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. डोळ्यांत गेल्यास डोळे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत.