विजयानंतरचा पुरावा : ‘मॉकिंगजे’ आणि कादंबरीत्रयीचा तिसरा खंड

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील प्रतियुटोपियन कादंबरीचा शेवट सामान्यतः व्यक्तीच्या पराभवात होतो. येवगेनी झाम्यातिन याच्या ‘आम्ही’ या कादंबरीचा (इंग्रजी अनुवाद १९२४) निवेदक शस्त्रक्रियेनंतर आपली कल्पनाशक्ती गमावतो. जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’मधील (१९४९) विन्स्टन स्मिथ ज्या सत्तेचा द्वेष करीत होता तिच्यावरच प्रेम करू लागतो. या दोन्ही कादंबऱ्यांत सत्ता टिकून राहते आणि त्यामुळे कथेला पुढचा भाग असण्याचे कारण उरत नाही. कुमारवयीन वाचकांसाठी लिहिल्या गेलेल्या कादंबरीत्रयीचा रूपबंध मात्र वेगळी मागणी करतो. पहिल्या खंडात व्यवस्थेची ओळख, दुसऱ्यात प्रतिकार आणि तिसऱ्यात व्यवस्थेचा पाडाव, असा हा क्रम असल्यामुळे झाम्यातिन-ऑर्वेल यांच्यापुढे ज्या स्वरूपात आलाच नव्हता असा प्रश्न तिसऱ्या खंडाला टाळता येत नाही : सत्ता कोसळल्यानंतर काय?

या प्रश्नाची एक जुनी मांडणी जॉन ख्रिस्तोफर या इंग्रज लेखकाच्या ‘ट्रायपॉड्स’ त्रयीत आढळते. या त्रयीचा शेवटचा खंड ‘द पूल ऑफ फायर’ १९६८ साली प्रसिद्ध झाला. परग्रहवासी सत्ताधीशांचा पराभव झाल्यावर मुक्त मानवजातीची परिषद भरते आणि ती राष्ट्राराष्ट्रांतील हेव्यादाव्यांत मोडून पडते. विजयाने एकता निर्माण होत नाही, एवढे ख्रिस्तोफरने नोंदविले. तथापि, त्याच्या कादंबरीत विजयाच्या सत्यतेविषयी शंका नाही. कोणी काय केले हे वाचकाला निश्चितपणे ठाऊक असते. सुझन कॉलिन्स या अमेरिकन लेखिकेच्या ‘मॉकिंगजे’मध्ये (२०१०) नेमकी हीच निश्चिती नाहीशी होते, आणि त्यामुळेच या रूपबंधाच्या इतिहासात तिला स्वतंत्र स्थान द्यावे लागते.

‘द हंगर गेम्स’ (२००८) आणि ‘कॅचिंग फायर’ (२००९) यांच्यानंतरचा हा खंड. पॅनेम या राष्ट्राची राजधानी ‘कॅपिटॉल’ दरवर्षी आपल्या अंकित जिल्ह्यांतून मुले निवडून त्यांना आखाड्यात एकमेकांचा जीव घ्यायला लावते आणि त्या हत्याकांडाचे चित्रवाणीवरून प्रक्षेपण करते. राष्ट्राचे नाव रोमन कवी जुव्हेनल याने निर्देशिलेल्या ‘भाकरी आणि खेळ’ या राजनीतीवरून घेतलेले आहे. चित्रवाणीवर वाहिन्या बदलताना वास्तवदर्शी स्पर्धांची आणि इराक युद्धाची दृश्ये एकमेकांत मिसळली, त्यातून ही कल्पना सुचली, असे कॉलिन्सने सांगितले आहे. तिचे वडील अमेरिकन हवाई दलात होते आणि १९६८ साली, ती सहा वर्षांची असताना, व्हिएतनाममध्ये गेले होते. युद्ध आणि युद्धाची प्रतिमा यांतील अंतर हा त्रयीचा मूळ विषय आहे. तिसऱ्या खंडात तो ‘आपल्या’ बाजूला लागू होतो.

तेराव्या जिल्ह्यातील भूमिगत बंडखोर राज्यात प्रत्येक नागरिकाच्या हातावर रोजचे वेळापत्रक उमटविले जाते. तेथील अध्यक्षा अल्मा कॉइन निवेदिका कॅटनिस एव्हर्डीन हिला बंडाचे प्रतीक म्हणून उभे करते. प्रचारपटांची सूत्रे ज्याच्या हाती आहेत तो प्लुटार्क पूर्वी कॅपिटॉलच्या खेळांचा मुख्य संयोजक होता. त्याचे नाव प्राचीन चरित्रकाराचे असावे, हे अर्थपूर्ण आहे. कलागृहात कृत्रिम पार्श्वभूमीवर चित्रित केलेला पहिला प्रचारपट फसतो. मग कॅटनिसला प्रत्यक्ष युद्धभूमीवर नेण्यात येते आणि आठव्या जिल्ह्यातील रुग्णालयावर बॉम्ब पडल्यानंतरचा तिचा खरा संताप टिपला जातो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हा प्रचार असत्य नाही. सत्य हाच त्याचा कच्चा माल आहे. कॅपिटॉल खोटे बोलते आणि बंडखोर खरे बोलतात, अशी सोपी विभागणी कादंबरी वाचकाला उपलब्ध होऊ देत नाही.

याच प्रश्नाची दुसरी बाजू पीटाच्या व्यक्तिरेखेतून येते. कॅपिटॉलच्या कैदेत गांधीलमाश्यांसारख्या कीटकांचे विष टोचून त्याच्या आठवणी विकृत केल्या जातात. सुटकेनंतर तो एकेक आठवण सोबत्यांपुढे ठेवतो आणि ती खरी की खोटी असे विचारतो. ही कृती दिसायला वैयक्तिक उपचाराची असली, तरी वस्तुतः ती इतिहासलेखनाची आहे : एका साक्षीची दुसऱ्या साक्षीशी पडताळणी करणे, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवायचा त्याचाही हितसंबंध लक्षात घेणे.

कादंबरीचा निर्णायक प्रसंग या पार्श्वभूमीवर वाचला पाहिजे. अध्यक्ष स्नो याच्या प्रासादासमोर एकत्र केलेल्या मुलांवर चंदेरी पॅराशूट उतरतात. आखाड्यात हीच पॅराशूट भेटवस्तू आणीत असत. येथे ती फुटतात. मदतीला वैद्यकीय पथक धावल्यावर दुसरा स्फोट होतो आणि त्यात कॅटनिसची बहीण प्रिम मरते. बचावास येणाऱ्यांच्या करुणेचाच सापळा करणाऱ्या अशा अस्त्राचा आराखडा कॅटनिसचा मित्र गेल आणि बीटी यांनी बंडखोरांसाठी आखलेला असतो. हा हल्ला कॉइनचा होता, असे पराभूत स्नो सांगतो. परंतु तो त्रयीतील सर्वांत अविश्वसनीय साक्षीदार आहे. आपले अस्त्र वापरले गेले की नाही हे गेललाही सांगता येत नाही. दरम्यान कॉइन जिवंत उरलेल्या सात विजेत्यांपुढे कॅपिटॉलच्या मुलांचा एक शेवटचा खेळ भरविण्याचा प्रस्ताव ठेवते, आणि तो कॅटनिसच्या मतासह चार विरुद्ध तीन असा संमत होतो. नंतर स्नोच्या देहदंडाच्या वेळी कॅटनिसचा बाण कॉइनला लागतो. तिच्या होकाराचा अर्थ काय होता, हे निवेदन उलगडून सांगत नाही. कॉइनच्या अपराधाचा निर्णायक पुरावाही कोठे सादर होत नाही. प्रस्तावाची मात्र वाचकाला प्रत्यक्ष साक्ष मिळते.

याहून अधिक महत्त्वाचे आहे ते नव्या राज्याने या कृत्याची केलेली नोंद. कॅटनिस वेडाच्या भरात होती, असे ठरवून तिला निर्दोष सोडले जाते आणि बाराव्या जिल्ह्यात परत पाठविले जाते. हा निकाल दयाळू आहे. परंतु त्यामुळे कॉइनच्या वर्तनाची चौकशी करण्याची आवश्यकताच संपुष्टात येते. आठव्या जिल्ह्याची सेनानी पेलर अध्यक्ष होते. तिचे राज्य कसे आहे याचे चित्रण जवळजवळ नाही. त्याऐवजी कॅटनिस, पीटा आणि हेमिच मृतांच्या स्मृतींचे एक पुस्तक तयार करतात. त्यात प्रत्येकाचे चित्र असते आणि विसरणे अपराध ठरावे असे बारीकसारीक तपशील असतात. अखेरच्या प्रकरणात कॅटनिसची मुले ज्या कुरणावर खेळतात ते दफनभूमी आहे, आणि हे मुलांना अद्याप ठाऊक नाही.

तिसरा खंड विस्कळीत आहे, नायिका दीर्घकाळ औषधांच्या अमलाखाली वा खोलीत बंद असते, महत्त्वाचे मृत्यू घाईने उरकले जातात, हे आक्षेप निराधार नाहीत. किंबहुना, मधल्या भागातील कॅपिटॉलच्या रस्त्यांवरचे सापळे म्हणजे आखाड्याचीच यांत्रिक पुनरावृत्ती होय. तथापि, नायिकेची निष्क्रियता हा केवळ रचनादोष मानता येत नाही. जिच्या नावाने क्रांती झाली तिला त्या क्रांतीची माहिती सर्वांत उशिरा आणि तुटक मिळते, हा प्रथमपुरुषी निवेदनाचा येथील आशय आहे.

या संहितेच्या पुढील इतिहासाने तिच्यातील प्रश्न संहितेबाहेर नेला. बाराव्या जिल्ह्यातील आदराची व निरोपाची तीन बोटांची खूण २०१४ च्या मे महिन्यातील लष्करी उठावानंतर थायलंडमधील निदर्शकांनी स्वीकारली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, ‘मॉकिंगजे’वरील चित्रपटाचा पहिला भाग प्रदर्शित होत असताना, पंतप्रधानांसमोर ही खूण करणाऱ्या विद्यार्थ्यांना ताब्यात घेण्यात आले. २०२१ च्या उठावानंतर म्यानमारमध्येही ती दिसली. प्रतीके कशी घडविली आणि वापरली जातात यासंबंधी सावध करणाऱ्या त्रयीतूनच एक प्रतीक उचलले गेले, यात विसंगती आहे. परंतु ज्यांनी ते उचलले त्यांना ते कोणा प्रचारप्रमुखाने दिलेले नव्हते, हा भेदही तितकाच खरा आहे. अन्यायी सत्तेला विरोध करावा, हे कुमारवाचकाला पहिले दोन खंड शिकवितात. विजेत्यांकडेही पुरावा मागावा, ही अधिक अवघड अपेक्षा तिसरा खंड त्याच्याकडून करतो, आणि ती अपेक्षा पूर्ण झाली नाही तर काय उरते हेही दाखवितो : एक दयाळू निकाल, आणि खाजगीत लिहिलेले मृतांचे पुस्तक.