नकाशा काढण्याआधीची मशागत
शिरूर-दौंडच्या वाटांवरून जाळ्याच्या माहितीची ओळख

संगणकाच्या पडद्यावर ठिपके आणि रेषांचे जाळे दिसते. ठिपका ओढला की रेषाही सरकतात, त्याला स्पर्श केला की नाव उमटते. अशा परस्परसंवादी आलेखांचे आकर्षण मोठे असले, तरी त्यांची विश्वासार्हता ठरते ती चित्र उमटण्यापूर्वीच्या मशागतीत. हे काम करणाऱ्या छोट्या आज्ञावलींना 'साहाय्यक फंक्शन्स' म्हणतात.

जाळ्यासाठी दोन तक्ते लागतात. पहिल्यात बिंदू, म्हणजे गावे किंवा स्थानके. दुसऱ्यात दुवे, म्हणजे कोणता बिंदू कोणाशी जोडलेला आहे याची नोंद. शिरूर ते दौंड या प्रवासाचा एक मार्ग न्हावरे, चौफुला आणि पाटस असा आहे. बिंदूंच्या तक्त्यात पुणे, चौफुला, न्हावरे, शिरूर, दौंड आणि पाटस अशी सहा नावे क्रमाने लिहिली, तर शिरूर-न्हावरे हा दुवा '४-३' असा नोंदला जाईल.

घोटाळा येथेच होतो. सांख्यिकीसाठी वापरली जाणारी 'आर' ही भाषा १ पासून मोजते, तर ब्राउझरमध्ये चित्र काढणारी जावास्क्रिप्ट ० पासून. क्रमांक न बदलता तक्ता पुढे गेल्यास '४-३' चा अर्थ दौंड-शिरूर असा होतो आणि मधली सारी गावे गाळून दोन्ही शहरे एका रेषेने जोडली जातात. चित्र सुबक दिसते, पण माहिती खोटी असते. 'आर'मधील 'नेटवर्कडीथ्री' या पॅकेजात 'आयग्राफ_टू_नेटवर्कडीथ्री' हे साहाय्यक फंक्शन आहे. 'आयग्राफ'मध्ये तयार केलेल्या जाळ्यातून ते बिंदू आणि दुव्यांचे वेगवेगळे तक्ते काढते आणि दुव्यांचे क्रमांक ० पासून सुरू करून देते.

क्रमांकांचा प्रश्न यंत्र सोडवते. नावांचा मात्र माणसालाच सोडवावा लागतो. शिरूरला 'घोडनदी' असेही म्हणतात. दौंड जुन्या इंग्रजी कागदपत्रांत 'धोंड' आहे. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ मध्ये सुरू झाला तो याच नावाने. अहमदनगरचे अहिल्यानगर असे नामांतर २०२४ मध्ये झाले. जुन्या आणि नव्या नोंदी एकत्र करताना ही नावे जुळवली नाहीत, तर एकाच गावाचे दोन बिंदू होतात.

उलट चूकही तितकीच घातक असते. केडगाव दौंड तालुक्यात आहे, तसेच अहिल्यानगर शहरालगतही आहे. 'दौंड जंक्शन' आणि 'दौंड कॉर्ड लाईन' ही स्थानकेही वेगळी आहेत. पुणे-मनमाड दिशेच्या काही गाड्या जंक्शनमध्ये न शिरता कॉर्ड लाईनवरूनच पुढे जातात. सारखी दिसणारी नावे सरसकट एक केली, तर प्रवासी ज्या स्थानकावर वाट पाहत उभा राहील, तेथे त्याची गाडी येणारच नाही. म्हणून नावाऐवजी रेल्वेचा स्थानक-संकेत हीच ओळख मानणे श्रेयस्कर ठरते. जंक्शनचा संकेत 'डीडी', तर कॉर्ड लाईनचा 'डीडीसीसी' आहे.

तयार आलेख 'सेव्हनेटवर्क' या फंक्शनने वेबपानाच्या स्वरूपात साठवता येतो. त्यापूर्वी ओळखीच्या दोन-चार वाटा बोटाने चाचपून पाहाव्यात. शिरूरमधून रेल्वे जात नाही, हे स्थानिक माणसाला ठाऊक असते. यंत्राला ते सांगावे लागते.